दोन पुतळ्यांमधलं अंतर

आई-बाबांनो, घरातलं कोणी गेलं की आपण मुलांना शेजारी पाठवतो. आजी देवबाप्पाकडे गेली असं सांगतो आणि तेरावं झालं की घर पुन्हा शाळा-डबा-क्लासच्या चाकोरीत आणतो. मुलांना जपायचं म्हणूनच हे सगळं करतो, याबद्दल मला शंका नाही. पण मुलाच्या पोटात साठलेलं काही त्यामुळे कमी होत नाही. त्याला ते बोलताही येत नाही. मोठ्यांना तरी कुठे येतं? म्हणून आज तुमच्याशी मातीबद्दल बोलायचं आहे, आणि बर्लिनमधल्या एका आईबद्दल.

केटे कोलविट्स ही जर्मन चित्रकार आणि शिल्पकार. नवरा कार्ल डॉक्टर, कामगार वस्तीत दवाखाना चालवणारा. हान्स आणि पेटर ही दोन मुलं. 1903 मध्ये तिने मेलेल्या लेकराला कवटाळून बसलेल्या बाईचं एक छापचित्र केलं. त्यासाठी सात वर्षांच्या पेटरला कुशीत घेऊन ती आरशासमोर बसली आणि जे दिसलं ते रेखाटलं. 1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. पेटर अठरा वर्षांचा होता, सैन्यात जायला त्याला वडिलांची परवानगी लागणार होती. कार्लचा विरोध होता. मुलाच्या हट्टापुढे केटे विरघळली आणि तिनेच नवऱ्याचं मन वळवलं. ऑक्टोबरमध्ये पेटर बेल्जियममध्ये मारला गेला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिने त्याच्या स्मारकाचा विचार सुरू केला. आधी ठरलं होतं ते असं: पेटर आडवा पडलेला, एक पालक उशाशी, एक पायथ्याशी. वर्षानुवर्षं ती त्यावर काम करत राहिली. जमेना. 1919 मध्ये तिने ते काम सोडून दिलं आणि काही वर्षांनी पुन्हा हातात घेतलं. अखेर 1932 च्या उन्हाळ्यात, मुलगा गेल्यावर जवळजवळ अठरा वर्षांनी, दगडात कोरलेले दोन पुतळे बेल्जियममधल्या एका लष्करी दफनभूमीत उभे राहिले. आज ते फ्लाड्स्लो इथल्या दफनभूमीत आहेत. तिथे पंचवीस हजारांहून अधिक जर्मन सैनिक पुरलेले आहेत आणि पेटरचं नाव इतर नावांबरोबर एका शिळेवर आहे.

या शिल्पात पेटर नाही. फक्त आई आणि बाप आहेत, दोघंही गुडघ्यांवर. आई पुढे वाकलेली, मान खाली, अंगाभोवती घट्ट वस्त्र. बाप ताठ. दोन्ही हातांनी त्याने स्वतःलाच आवळून धरलंय, जणू हात सोडले तर तो कोसळेल. चेहऱ्यांत केटे आणि कार्ल यांची ठेवण आहे. आणि दोघं एका चौथऱ्यावर नाहीत. दोन वेगळे चौथरे, मध्ये मोकळी जागा. एकमेकांना स्पर्श नाही, एकमेकांकडे नजर नाही.

मला या शिल्पात सगळ्यात खरी वाटते ती ही मधली जागा. मूल गमावलेले, आई-वडील गमावलेले कितीतरी नवरा-बायको एकाच घरात असे वेगवेगळ्या चौथऱ्यांवर बसलेले असतात. ती रडते म्हणून तो तिच्यापासून दूर राहतो. तो रडत नाही म्हणून तिला वाटतं, याला काहीच झालेलं नाही. आपल्याकडे तर पुरुषाने घर सावरायचं, पाहुण्यांची सोय बघायची, दाखल्यासाठी धावायचं. त्याच्या रडण्यासाठी कोणी वेळच ठेवलेला नसतो. केटेने कार्लला ताठ घडवलं, पण कोरडं घडवलं नाही. त्या आवळलेल्या हातांकडे बघितलं की कळतं, या माणसाला किती लागलंय. तुमच्या घरात असा बाप असेल, तर मुलं त्याच्याकडे रोज बघत असतात, हे लक्षात असू द्या. आई रडते आणि बाबा गप्प बसतात, यातून मुलगा काय शिकेल आणि मुलगी काय शिकेल?

आता मातीकडे येऊ. शब्दांनी दुःख सांगायचं तर आधी ते समजावं लागतं. मातीत तसं नाही. बोटं दाबतात, ओढतात, चोळतात आणि समजायच्या आधीच काहीतरी समोर येतं. माझ्याकडे मातीकामाला येणाऱ्या एका मुलीने गेलेली आजी केली. चेहरा नव्हताच. मोठीच्या मोठी मांडी आणि दोन हात. न्यायला आलेली आई प्रेमानेच म्हणाली, "अगं, नाक-डोळे कर ना." मुलीने तो गोळा मोडून टाकला. तिची आजी म्हणजे मांडीच होती; आईला ते कळायला थोडा वेळ लागला.

म्हणून एवढं सांभाळा. मूल जे घडवेल ते दुरुस्त करू नका. त्याचा अर्थ लावून त्यालाच सांगू नका. पाहुण्यांना दाखवू नका, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. "हे कोण?" असं विचारलंत तर एकदाच, आणि उत्तर नाही आलं तरी चालेल. कोणाला माणूस करायचा नसेल, नुसता गोळा थापटत बसायचं असेल, तर बसू द्या. मात्र झोप, जेवण, शाळा हे सगळंच कित्येक आठवडे बिघडलेलं राहिलं, तर मातीवर विसंबू नका, समुपदेशकाला भेटा.

शाडू माती गणपतीच्या आधी कुठेही मिळते. थोडी जास्तीची आणून ठेवा. नीट मळा, काम अर्धवट राहिलं तर ओल्या फडक्यात गुंडाळा, उन्हात न ठेवता सावलीत वाळवा, म्हणजे तडे कमी जातात. उभा माणूस मुलांच्या हातून पडतो, पसरलेले हात तुटतात. बसलेला, गुडघे मुडपलेला, हात अंगाशी धरलेला माणूस टिकतो. गंमत म्हणजे दुःखात माणूस बसतोही तसाच. केटेचे पुतळेही तसेच मिटलेले, अंगाबाहेर काही न काढणारे आहेत. आणि वाळल्यावर मुलाला ती आकृती बादलीत विरघळवायची असेल तर अडवू नका. मूर्ती घडवायची आणि पाण्यात सोडायची, हे आपल्या मुलांना दर भाद्रपदात दिसतं. त्यांना त्यात अशुभ काही वाटत नाही.

केटेचं काम त्या दोन पुतळ्यांवर थांबलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. 1933 मध्ये नाझी सत्तेत आले आणि तिला प्रशियाच्या कला अकादमीतून बाहेर पडावं लागलं. त्यानंतरच्या वर्षांत, सत्तरीच्या उंबरठ्यावर, तिने दोन छोटी शिल्पं केली. एकात आई मेलेल्या मुलाला आपल्या दोन गुडघ्यांमध्ये, वस्त्राच्या आत घेऊन बसली आहे आणि त्याचा हात तिने हातात धरला आहे. दुसऱ्यात बायांनी गोल कडं केलंय, हात पसरलेले, आणि आत मुलं. 'मातांचा मनोरा' हे त्याचं नाव. एकाच बाईने एकाच काळात हे दोन्ही केलं: गेलेल्याला धरून ठेवणं आणि असलेल्यांना वाचवणं. आशा म्हणतात ती मला या बायांच्या पसरलेल्या हातांत दिसते. 1942 मध्ये तिचा नातू रशियाच्या आघाडीवर मारला गेला. त्याचंही नाव पेटर होतं. त्याच्या मृत्यूच्या थोडं आधी तिने मुलांना आपल्या बाहूंखाली दडवणाऱ्या आईचं शिळाछाप चित्र केलं.

तुमच्या घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर मुलांसमोर मातीचा गोळा ठेवा आणि दुसरा स्वतःसाठी घ्या. बाबांनो, तिसरा तुमचा. बोललं नाहीत तरी चालेल, पण एकाच चटईवर बसा.