सुरी घेतेस? आधी माझं ऐक

अगं सोनू, तू पाठवलेला फोटो बघितला. पात्यावर लाटा-लाटांची नक्षी असलेली ती जपानी सुरी. देखणी आहे, वादच नाही. पण तेवढ्या पैशांत बरा मिक्सर येतो, म्हणून ऑर्डर टाकण्याआधी जरा ऐक. नक्षीवर जाऊ नकोस. ती वरच्या थरांची असते, कापायचं काम मधला गाभा करतो. खोक्यावर ‘व्हीजी-१०’ लिहिलंय ना, ते त्या गाभ्याच्या पोलादाचं नाव.

तू म्हणशील, स्टील ते स्टील, डब्याचं काय नि सुरीचं काय. तिथेच तर गंमत आहे. आपल्या चांगल्या डब्या-पातेल्यांचं स्टील ३०४ नंबरचं. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. गंजायचं नाव घेत नाही, पण कितीही तापवून बुडवलं तरी कडक होत नाही. त्याची सुरी केली तर दोन कांद्यांत धार मुडपेल. सुरीच्या पोलादात कार्बन बराच जास्त लागतो. ते हजारेक अंशांवर तापवून झटकन थंड करतात, मग पुन्हा बेताचं तापवून ठिसूळपणा घालवतात. लोहार कोयत्याला पाणी देतो, तेच हे, फक्त कारखान्यात मोजूनमापून. फ्रिजवरचं लोहचुंबक काढून लावून बघ. सुरीच्या पात्याला घट्ट चिकटेल, ३०४ च्या डब्यावरून सहसा घसरून पडेल.

आता या कडकपणाची किंमत. गंज अडवतं ते क्रोमियम, पण कार्बन त्यातलं थोडं आपल्याकडे ओढून घेतो आणि त्याचे कठीण कण बनतात. तेवढं क्रोमियम गंजाच्या कामातून बाद. म्हणून सुरी ‘स्टेनलेस’ असूनही लोणच्याच्या कैऱ्या कापून, मीठ लागलेली तशीच रात्रभर सिंकमध्ये पडली, तर सकाळी पात्यावर तपकिरी ठिपके दिसतात. दुकानदाराने फसवलं असं लगेच समजू नकोस.

कडकपणा आणि गंज यांचं हे भांडण जुनंच आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या धातुतज्ज्ञ हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये १२.८ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं. शोध चालला होता बंदुकीच्या नळ्यांसाठी, उपयोग झाला तो सुऱ्याकाट्यांना. सुरुवातीला तिथले कारागीर त्याला ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोधकर्ता’ म्हणून चिडवायचे. त्या पोलादाला नीट पाणी कसं द्यायचं, ते बसेपर्यंत वेळ गेला.

माझं मत विचारशील तर पहिली सुरी जर्मन पठडीच्या पोलादाची घे. खोक्यावर ‘एक्स५०सीआरएमओव्ही१५’ असं लांबलचक काहीतरी दिसेल, किंवा नुसतं १.४११६. घाबरू नकोस. ५० म्हणजे अर्धा टक्का कार्बन, १५ म्हणजे साधारण तेवढे टक्के क्रोमियम, आणि मॉलिब्डेनम-व्हॅनेडियम चिमूट चिमूट. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या नावाजलेल्या सुऱ्या याच्याच, आणि व्हिक्टोरिनॉक्सच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्याही. कडकपणा रॉकवेलच्या मापावर ५५ ते ५८. तुझ्या व्हीजी-१० मध्ये कार्बन जवळजवळ १ टक्का, कडकपणा ६० च्या आसपास. आकडा मोठा म्हणून माल चांगला, असं दुकानात सांगतील. धार जास्त दिवस टिकते हे खरंच. पण आपण लाल भोपळ्यात सुरी रुतवतो आणि अडकली की पिळतो! सुक्या खोबऱ्याची वाटी, सुरणाचा गड्डा, मटणाचं हाड… त्या पिळण्यात कडक, पातळ धारेचा बारीकसा टवका उडतो, आणि तो घासून भरून काढायचा म्हणजे अख्खी धार मागे न्यायची. जर्मन पोलाद अशा वेळी वाकतं. वाकलेली धार सुऱ्यांच्या पोलादी सळईवर दोन्ही बाजूंनी चार वेळा फिरवली की सरळ होते.

धार गेली का, ते ट्यूबलाइटखाली बघ. पातं उभं धरून धारेकडे सरळ बघायचं. जिथे पांढरी रेघ चमकते तिथे बोथट. चांगली धार चमकतच नाही, चमकायला तिला रुंदीच नसते. मग पिकल्या टोमॅटोवर सुरी नुसती टेकवून ओढ. साल दबली तर धारेचा दगड काढायची वेळ झाली.

दगड जमत नसेल तर सायकलवाल्या धारवाल्याकडे दे, पण शेजारी उभी राहा. पातं चाकावर दाबून धरलं की ठिणग्या उडतात, कडा तापते आणि पाणी उतरतं. निळसर झाक आली की तेवढा भाग गेला. थांबून थांबून, पाण्यात बुडवत कर म्हणावं.

आणि आईची विळी टाकू नकोस. केळफूल नि फणसाची कुयरी तेल लावलेल्या विळीवरच चिरावी. ती साध्या पोलादाची, गंजते, काळी पडते, पण धार मात्र चटकन लागते.

जपानी सुरीचा मोह सुटत नसेल तर पुढे कधीतरी घे. कोशिंबिरीची काकडी, बिनकाट्याचे माशाचे तुकडे, एवढ्यापुरती. डिशवॉशरमध्ये कुठलीच सुरी नको. कापलं की धू, लगेच पूस, चमच्यांच्या गर्दीत टाकू नकोस. ओट्याच्या ग्रॅनाइटवर किंवा काचेच्या फळीवर तर मुळीच कापायचं नाही, लाकडी फळी आण. आणि पोळपाट हा त्यावरचा उपाय नव्हे हं, चरे पडले की आई मलाच बोलेल.