झडप बदलली, तपासणी मात्र जन्मभराची



विनयपिटकात एका आजारी भिक्खूची हकिकत आली आहे. अतिसाराने ग्रासलेला तो भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. इतर भिक्खूंना त्याचा काही उपयोग नव्हता, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर निजविले आणि मग संघाला बोलावून जाब विचारला. ही कथा आपण धम्मवर्गात अनेकदा ऐकतो. पण जो आजारी अंथरुणावर पडलेला नाही, चारचौघांसारखा हिंडतो-फिरतो, कामाला जातो, त्याची विचारपूस कोण करतो? हृदयाची झडप बदललेला रुग्ण हा असा आजारी असतो. त्याच्याविषयी प्रस्तुत लेखात आम्ही चार गोष्टी सांगू इच्छितो.

झडप का बदलावी लागते?

हृदयात चार झडपा असतात. रक्त एकाच दिशेने जावे, मागे फिरू नये, हे त्यांचे काम. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा त्या उघडतात आणि मिटतात. आपल्या देशात त्या खराब होण्याचे एक मोठे कारण म्हणजे र्‍हुमॅटिक ताप. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना घसा दुखून ताप येतो, पुढे सांधे सुजतात आणि बर्‍या झालेल्या तापाची खूण हृदयाच्या झडपेवर राहून जाते. एका खोलीत आठ-दहा माणसे राहतात तेथे घशाचे जंतू लवकर पसरतात. म्हणून हा रोग दाटीच्या वस्त्यांचा, म्हणजे बहुतांशी गरिबांचा रोग आहे.

१९६० साली अमेरिकेत डॉ. अल्बर्ट स्टार आणि अभियंता लोवेल एडवर्ड्स यांनी तयार केलेली कृत्रिम झडप माणसाच्या हृदयात यशस्वीपणे बसविण्यात आली. पिंजर्‍यात चेंडू असावा तशी तिची रचना होती. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने भारतीय बनावटीची चित्रा झडप तयार केली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाला बसविली. परदेशी झडपेपेक्षा ती स्वस्त असल्याने अनेक गरीब रुग्णांना तिचा आधार झाला.

आज झडपा मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. धातू व कार्बनची यांत्रिक झडप अनेक दशके टिकते, परंतु तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गाय किंवा डुक्कर यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला ही गोळी बहुधा थोडेच महिने लागते, पण ती झडप साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते, आणि तरुण वयात अधिक लवकर. म्हणजे दोन्हींवर लक्ष ठेवावेच लागते. शस्त्रक्रियेने रोग संपला असे समजू नये. जुना धोका गेला आणि त्याच्या जागी सांभाळता येण्याजोगा नवा धोका आला, एवढेच झाले.

एक अनुभव

आमच्या वस्तीतील एका सभासदाच्या मुलीला यांत्रिक झडप बसविली होती. दोन वर्षे ती नियमाने तपासणीला गेली. प्रकृती उत्तम. मग विचार आला की आता कशाला जायचे? रुग्णालयाच्या रांगेत दिवस जातो, तिचा आणि बरोबर येणार्‍या आईचा असा दोघींचा रोज बुडतो. आधी रक्ततपासणी बंद झाली, पुढे गोळीही कधी घेतली, कधी नाही. एका रात्री शेजारी निजलेल्या धाकट्या बहिणीने विचारले, “ताई, तुझे घड्याळ वाजत नाही का गं?” यांत्रिक झडपेचा टिक-टिक आवाज शांत खोलीत ऐकू येतो, तो मंदावला होता. दोन दिवसांत धाप लागू लागली. इकोमध्ये दिसले की गुठळी बसून झडपेचे एक पान अडकले आहे. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला इकोचा कागद पावसात भिजून गेला होता, त्यामुळे तुलना करण्यास डॉक्टरांजवळ काही नव्हते. मुलगी वाचली, पण छाती दुसर्‍यांदा उघडावी लागली. तिला अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल. ती हिशेबी होती; हिशेबात फक्त हृदय धरले नव्हते.

इको तपासणीत काय पाहतात?

इको म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र घेणे. १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी या तपासणीचा पाया घातला. तीत सुई नाही, क्ष-किरणही नाहीत. छातीला जेली लावून यंत्र फिरवितात. भिण्यासारखे काही नाही. तिच्यातून पुढील गोष्टी कळतात :

१) झडपेची पाने नीट उघडतात-मिटतात का.
२) झडपेच्या अलीकडे-पलीकडे रक्ताच्या दाबात किती फरक आहे. अहवालात याला ग्रेडियंट म्हणतात. तो पूर्वीपेक्षा वाढला तर झडप अडखळते आहे अशी शंका येते.
३) झडपेतून किंवा तिच्या टाक्यांच्या कडेने रक्त गळते का.
४) हृदयाची रक्त फेकण्याची ताकद किती आहे.

शस्त्रक्रियेनंतर साधारण एक ते तीन महिन्यांत केलेला पहिला इको सर्वांत मोलाचा. प्रत्येक झडपेचा आकार व ग्रेडियंट वेगळा असतो. त्या रुग्णाचे ‘नेहमीचे’ आकडे कोणते, हे पहिल्या अहवालावरून ठरते आणि पुढचा प्रत्येक अहवाल त्याच्याशी ताडून पाहतात. म्हणून तो कागद जमिनीच्या सातबार्‍यासारखा जपावा. त्यानंतर वर्षातून निदान एकदा डॉक्टरांनी रुग्णाला तपासावे. पुढचे इको केव्हा करावयाचे हे झडपेच्या प्रकारावरून ते ठरवितात. ऊतींची झडप जुनी होऊ लागली की दरवर्षी इको लागतो. त्रास झाल्यास मात्र तारखेची वाट पाहू नये. छातीवरून चित्र स्पष्ट न आल्यास अन्ननलिकेतून नळी घालून इको करतात. त्यासाठी काही तास उपाशी राहावे लागते.

रक्ताची तपासणी

यांत्रिक झडपेच्या रुग्णाला वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉल (अ‍ॅसिट्रॉम) ही गोळी देतात. रक्त किती पातळ आहे हे आयएनआर या आकड्यावरून कळते. निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. मायट्रल जागी यांत्रिक झडप असेल तर तो बहुधा २.५ ते ३.५, आणि एऑर्टिक जागी २ ते ३ ठेवतात. आकडा कमी पडला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. सुरुवातीला ही तपासणी वरचेवर आणि आकडा स्थिरावल्यावर साधारण महिन्यातून एकदा करतात. आपला ठरलेला आकडा प्रत्येक रुग्णाने डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

गोळी रोज एकाच वेळी घ्यावी. चुकली तर दुसर्‍या दिवशी दुप्पट घेऊ नये. पालक, मेथी, कोथिंबीर सोडण्याची गरज नाही. प्रमाण मात्र रोज सारखे ठेवावे. अंगदुखीच्या गोळ्या आणि काढे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मद्यानेही हा आकडा बिघडतो. पाचवे शील पाळणार्‍याला ते वेगळे सांगावयास नको. रक्त पातळ करणार्‍या काही नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण त्या यांत्रिक झडपेला चालत नाहीत. कोणाच्या सांगण्यावरून गोळी बदलू नये.

केव्हा धावावे?

तीन-चार दिवस ताप हटत नसेल तर तो झडपेवरील जंतुसंसर्ग असू शकतो. अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर व्हावयास हवे, म्हणून आधी झडपेची फाईल दाखवावी. दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला झडपेची कल्पना द्यावी. संसर्ग टाळण्यासाठी औषधाची एक मात्रा आधी घ्यावी लागते. धाप वाढणे, झडपेचा आवाज मंदावणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, काळी शौचास होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. गंडेदोरे आणि उतारे यांत गेलेला एक तासही परत मिळत नाही.

र्‍हुमॅटिक तापाच्या रुग्णांना पेनिसिलिनचे इंजेक्शन तीन-चार आठवड्यांनी देतात. झडप बदलली म्हणून ते आपल्या मनाने थांबवू नये. तरुण भगिनींनी गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांना भेटावे, कारण रक्त पातळ करणारी गोळी गर्भाला अपाय करू शकते आणि ती आपल्या मनाने बंद केल्यास आईच्या जिवाला धोका होतो.

आपले कर्तव्य

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया झाली असेल तर पुढच्या कोणत्या तपासण्या योजनेत बसतात, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. परंतु एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज यांची भरपाई कोण करणार? येथे संस्थेचे काम सुरू होते. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील झडप बदललेल्या रुग्णांची वही ठेवावी. तीत झडपेचा प्रकार, शस्त्रक्रियेची तारीख, ठरलेला आयएनआर आणि पुढची तपासणी लिहावी. पहिल्या इकोची प्रत काढून संस्थेच्या कपाटात ठेवावी. विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रुग्णासोबत जावे, म्हणजे घरातला दुसरा रोज वाचेल. पौर्णिमेच्या दानातील काही भाग प्रवासखर्चासाठी काढावा.

अप्रमाद म्हणजे गाफील न राहणे. बरे वाटत असतानाही तपासणीची तारीख पाळणे, हा त्याचाच रोजच्या जगण्यातला अर्थ आहे. रुग्णाने तारीख पाळावी आणि संघाने त्याची आठवण ठेवावी. आज त्या मुलीची तारीख तिच्या धाकट्या बहिणीच्या शाळेच्या वहीत लिहिलेली असते. तशी ती आपल्या सर्वांच्या वहीत असावी.

जयभीम.