आधी हात दाखव

कंपनीत शिफ्ट सुरू होण्याआधी रोज पाच मिनिटं उभं करून आम्हाला सुरक्षेचे धडे देतात. हेल्मेट, गॉगल, हातमोजे. अकरा वर्षं आळंदीहून चाकणला ये-जा करतोय, मशीनवर कधी बोटाला खरचटलंही नाही. आणि कार्तिकी दशमीला घरच्या गच्चीत, कोऱ्या हातमोज्यांची जोडी बॅगेत तशीच ठेवून, मी पाच मिरच्या उघड्या हातांनी चिरायला बसलो.

मिरच्या साध्या नव्हत्या. लाइनवरच्या आसामी सहकाऱ्याने गावाहून भूत जोलोकियाचं बी आणून दिलं होतं. 2007 साली गिनीजने जगातली सर्वांत तिखट म्हणून नोंदवलेली मिरची ती हीच. तिखटपणा मोजणाऱ्या स्कोव्हिलच्या मापात तिचा आकडा 10 लाखांच्या वर गेलेला. पण लवंगीच्या ठेच्यावर वाढलेल्या माणसाला आकड्यांची भीती वाटत नाही. मे महिन्यात पेरलेलं बी रुजायलाच तीन आठवडे लागले होते. पुढच्या वर्षासाठी बी धरायचं म्हणून पिकून लाल झालेली फळं उभी चिरली आणि नखाने आतला गाभा खरवडला.

चूक तिथेच झाली. तिखटपणा बियांत असतो असं आपण समजतो. खरं तर बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, तिखटाचं कोठार तो असतो. माझी नखं नेमकी त्यातच बुडालेली. काम झाल्यावर नळाखाली हात धुतले. हे तिखट पाण्याला दाद देत नाही, तेलात मात्र विरघळतं. त्यामुळे ते नखांखाली तसंच राहिलं. अर्धा तास काहीच जाणवलं नाही, म्हणून मीही विसरून गेलो.

संध्याकाळी परभणीहून आत्या आली, सोबत सून आणि चार वर्षांचा नातू. देवदर्शनाला निघायचं म्हणून तो अष्टगंधाची वाटी घेऊन माझ्यासमोर आला, “काका, गंध.” मी बोट बुडवून कपाळावर रेघ ओढली. पोराने खाज आली म्हणून कपाळ चोळलं आणि मग तोच हात डोळ्याला लावला.

त्याच्या किंकाळीने शेजारचे धावत आले. कुणी म्हणालं दूध घाला, कुणी तूप. माझ्या आईने कुणाचंही ऐकलं नाही. पोराला आडवं धरून तिने माठातलं स्वच्छ पाणी डोळ्यावर तांब्या-तांब्याने सोडलं, चांगली पंधरा मिनिटं. डोळ्यात फक्त पाणी, दुसरं काही नाही. आणि त्यानंतर थेट डॉक्टर. सकाळपर्यंत लाली उतरली.

माझी रात्र मात्र वाईट गेली. हातांची आग होतेय म्हणून मी शहाण्यासारखा गिझरचं पाणी सोडलं आणि उडालोच. शरीरात उष्णता ओळखणारं जे दार आहे, मिरची त्यावरच थाप मारते. डेव्हिड ज्युलियस यांनी मिरचीतल्या द्रव्याच्या मदतीनेच ते दार शोधलं आणि त्यांना 2021 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. म्हणून मिरची लागलेल्या हाताला कोमट पाणीसुद्धा निखाऱ्यासारखं लागतं. आधी हातांना गोडं तेल चोळा, फडक्याने पुसून काढा, मग भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवा, नखांत ब्रश फिरवा. तरी आग राहिली तर गार दह्यात बोटं बुडवून बसा. मी बसलो होतो, पहाटे दिंड्यांचे टाळ ऐकू येईपर्यंत.

तोडणीला हातमोजे हवेत, आणि तेही कोरे. कंपनीत वापरलेले, तेल लागलेले नकोत. मिरची ओढू नका, देठासकट कात्रीने कापा, कारण फांदी फार ठिसूळ असते. मिक्सरमध्ये वाटली तर झाकण उघडून लगेच वाकू नका.

लागवडीतही माझे हात असेच नको तिथे पोचत होते. पहिल्या वर्षी नदीकाठचा गाळ आणून कुंड्या भरल्या. दोन पावसांत तो विटेसारखा घट्ट बसला, पाणी मुरेना, रोपं बुडाशी कुजून कोलमडली. शिवाय ज्या इंद्रायणीवर फेस तरंगतो, तिचा गाळ ताटात कशाला? आता माती, शेणखत आणि कोकोपीट सारखं-सारखं घेतो. बोट दोन पेरं खुपसून पाहतो, कोरडं लागलं तरच पाणी.

दुसऱ्या वर्षी युरियाचा लाड केला. झाडं हिरवीगार आणि फुलांचा पत्ता नाही. कोवळ्या पाल्यावर फुलकिडे मात्र तुटून पडले. पानं होडीसारखी वर वळली की फुलकिडे समजा, खाली मुडपली की कोळी. आमच्याकडे दोन्हीला सरसकट बोकड्या म्हणतात आणि एकच औषध मारतात. सुरुवातीलाच सापडलं तर लिटरला 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, साबणाचं थोडं पाणी घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारावं. सगळा शेंडाच गोळा झालेलं झाड उपटलेलं बरं. मी जीव लावून एक ठेवलं होतं, त्याने शेजारची चार नेली.

यंदाही आत्या कार्तिकीला आली. नातू आता पाच वर्षांचा. अष्टगंधाची वाटी पाठीमागे लपवून उंबऱ्यातच थांबला.

“काका, आधी हात दाखव.”