शेततळ्यातील मरळ काढण्यासाठी शिशाचा गळ व रबरी गांडूळ

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागात शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ सोडून जोडउत्पन्न घेता येते. परंतु ओढ्याच्या वा कालव्याच्या पाण्याबरोबर मरळीची पिले आत आली, तर ती वाढून बोटुकली फस्त करतात. हेक्टरी ५,००० प्रमाणे १० गुंठ्यांच्या तळ्यात ५०० बोटुकली बसतात. त्यात मोठ्या मरळी राहिल्यास बियाण्याचा व खाद्याचा खर्च अंगावर येतो.

बीज सोडण्यापूर्वी
उन्हाळ्यात तळे आटवून वाळवावे. ते शक्य नसल्यास हेक्टरी २,५०० किलो (१० गुंठ्यांस २५० किलो) मोहाची पेंड टाकून तीन आठवड्यांनी बीज सोडावे. बीज सोडल्यावर मात्र पेंड वापरू नये. ती सर्वच मासे मारते. अशा वेळी गळ उपयोगी पडतो.

गळ कसा वापरावा?
१) डोक्याशी ५ ते ७ ग्रॅम शिशाचा गोळा असलेला गळ घ्यावा. त्यावर मऊ रबरी गांडूळ सरळ ओवावे. वाकडे ओवल्यास ते पाण्यात गरगर फिरते.
२) सकाळी किंवा सायंकाळी काठालगत, गवताच्या कडेला गळ टाकावा. दोरी सैल पडली की गळ तळाला टेकला असे समजावे.
३) काठीचे टोक फूटभर उचलून गळ पुन्हा खाली जाऊ द्यावा. मासा बहुधा गळ खाली जाताना धरतो, म्हणून दोरीवर लक्ष ठेवावे.

मरळ हलत्या भक्ष्यावर धावते. कटला सूक्ष्म प्राणी, रोहू वनस्पतिजन्य पदार्थ, तर मृगळ तळाचा कुजका पाला खातो. त्यामुळे हे मासे रबरी गांडुळाला सहसा लागत नाहीत. खरे गांडूळ लहान मासे कुरतडून नेतात.

दक्षता
• प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्यात गळ मुळीच टाकू नये. अस्तराला छिद्र पडल्यास पाणी झिरपून जाते. तेथे ओढजाळे सावकाश फिरवावे.
• शिसे विषारी आहे व रबर कुजत नाही. तुटलेले तुकडे पाण्यात सोडू नयेत.
• मुळा, भंडारदरा यांसारख्या जलाशयांत परवानगीशिवाय मासे धरू नयेत.

शेतकरी बंधूंनी तळे भरताना पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. मरळ आत येऊच न देणे, हाच सर्वांत स्वस्त उपाय होय.