जुलाबाचे पाणी : विरघळले म्हणजे बरोबर झाले, असे नाही

पावसाळा आला की वस्तीत जुलाब सुरू होतात. ओआरएसचे पाकीट आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळते. पण पाणी तयार करताना चुका होतात. कुणी अख्खे पाकीट एका पेल्यात टाकते. कुणी तयार पाणी गॅसवर पुन्हा उकळते. म्हणून आयाबहिणींनो, आज यामागचे शास्त्र समजून घेऊ.

द्रावण म्हणजे काय?

चहात साखर टाकून ढवळली की ती दिसेनाशी होते, पण गोडी राहते. साखर संपत नाही, ती पाण्यात सगळीकडे सारखी पसरते. अशा मिश्रणाला द्रावण म्हणतात.

गरम पाण्याने काय फरक पडतो?

साध्या पाण्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २०० ग्रॅम साखर विरघळते. तेच पाणी उकळते असेल तर दुपटीहून जास्त मावते. म्हणूनच घट्ट पाक थंड झाला की साखरेचे खडे धरतो. मिठाचे मात्र तसे नाही. १०० ग्रॅम साध्या पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात सुमारे ३९ ग्रॅम, एवढाच फरक.

आता ओआरएस बघा. एक लिटरच्या पाकिटात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम आणि थोडे इतर क्षार असतात. एवढे तर साध्या पाण्यातही सहज विरघळते. त्यासाठी गरम पाणी लागत नाही.

खरी गोष्ट प्रमाणाची

एका पेल्यातही पाकीट विरघळते. डोळ्यांना पाणी चांगलेच दिसते, पण ते पाचपट तीव्र झालेले असते. असे पाणी आतड्यात गेले की शरीरातलेच पाणी आतड्याकडे ओढले जाते आणि जुलाब वाढतात. रक्तात मीठ वाढून बाळाला झटके येऊ शकतात. तयार ओआरएस उकळले तरी धोका तोच: पाणी वाफ होऊन उडते, क्षार मागे राहतात.

बरोबर प्रमाणात ग्लुकोज आणि मीठ जोडीने आतड्यातून रक्तात जातात आणि पाणी त्यांच्यामागे जाते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. तेव्हा पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले.

असे तयार करा

- हात साबणाने धुवा. पाणी आधी उकळा, झाकून थंड करा, मगच पाकीट टाका.
- एक लिटर पाणी मोजून घ्या. एक लिटरची स्वच्छ बाटली हे सोपे माप. पाकीट लहान असेल तर त्यावर लिहिलेले माप वाचा.
- पूर्ण पाकीट एकदम टाका, अर्धे ठेवू नका. वरून साखर, मीठ, दूध घालू नका.
- झाकून ठेवा. २४ तासांनंतर उरलेले टाकून द्या.
- पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला.

दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा द्या. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नका. झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात, त्या आशाताईंकडे मागा.

डोळे खोल गेले, बाळ मलूल पडले, पाणी पिईना, लघवी बंद झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर क्षणभरही थांबू नका. दवाखाना गाठा आणि वाटेतही पाणी पाजत राहा.

आज एक काम करा. घरातल्या बाटलीवर एक लिटरची खूण करून ठेवा आणि शेजारणीलाही सांगा.