गल्लीची बोली, गल्लीचे गाणे

मुंबई ही अठरापगड लोकांची नगरी. कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून, उत्तर प्रदेशातून आणि तामिळनाडूतून पोटासाठी आलेली माणसे येथे एका चाळीत राहिली, एका नळावर पाणी भरू लागली. एकमेकांशी बोलल्यावाचून गत्यंतर नव्हते. तेव्हा प्रत्येकाने आपल्या भाषेतील चार शब्द पुढे केले आणि त्यांतून मुंबईची एक मिश्र बोली घडली. सुशिक्षित लोक पुष्कळ वर्षे या बोलीला नाके मुरडीत असत. ती टवाळखोरांची बोली आहे, तिच्यात गंभीर असे काही सांगता येणार नाही, असा त्यांचा समज होता. कुर्ला, अंधेरी व धारावी येथील काही तरुणांनी हा समज खोटा ठरविला.

या तरुणांनी जो गानप्रकार हाती घेतला, त्याचे नाव रॅप. त्याचा जन्म मात्र फार दूरचा. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स या भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून इमारतीच्या सभागृहात नाचगाण्याचा एक कार्यक्रम ठेवला. तेथे तबकड्या वाजविण्याचे काम तिच्या भावाकडे होते. जमैकातून आलेला हा तरुण पुढे कूल हर्क या नावाने प्रसिद्ध झाला. गाण्यातील केवळ तालवाद्यांचा तुकडा लोकांना नाचावयास फार आवडतो, हे त्याने हेरले होते. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तेवढाच तुकडा लांबवीत असे. अशा ठेक्यावर यमके जुळवून जलद बोलण्याची जी कला वाढली, तीच रॅप होय. तबकडीवादन, रॅप, जमिनीवर अंग फिरवून करावयाचे नृत्य आणि भिंतींवरील चित्रलेखन या चार अंगांना मिळून हिप-हॉप म्हणतात.

मुंबईत प्रथम अनेकजण इंग्रजीत रॅप करीत. परंतु परक्या भाषेत आपल्या गल्लीचे सुखदुःख कसे उतरावे? २०१३ मध्ये अंधेरीच्या डिव्हाइन या कलावंताने मुंबईवरील आपले गाणे हिंदीत गायिले. पुढील वर्षी कुर्ल्याच्या नेझी या तरुणाने ‘आफत’ हे गाणे प्रसिद्ध केले. त्याचे चित्रीकरण कोणत्याही भव्य मंदिरात झाले नाही. ते एका आयपॅडवर आणि त्याच्याच वस्तीत झाले. २०१५ मध्ये ‘मेरे गली में’ या गाण्यात दोघे एकत्र आले. ज्या पत्त्याचा उच्चार करताना मुले संकोचत, तोच पत्ता आता अभिमानाने गाण्यात येऊ लागला. या दोघांच्या जीवनावरून प्रेरणा घेऊन निघालेला ‘गली बॉय’ हा चित्रपट २०१९ मध्ये देशभर गाजला.

या गाण्यांतील व गाणाऱ्यांच्या बोलण्यातील शब्द पाहण्याजोगे आहेत. ‘भिडू’ म्हणजे मराठीत खेळातील जोडीदार. मुंबईच्या बोलीत तो जिवाभावाचा सोबती झाला. ‘राडा’ म्हणजे चिखल. येथे त्याचा अर्थ मारामारी वा गोंधळ असा झाला. ‘आपण’चे ‘अपुन’ झाले आणि त्याने ‘मी’ची जागा घेतली. इंग्रजीतील ‘हार्ड’ म्हणजे कठीण. या मंडळींत ‘हार्ड’ ही शाबासकी ठरली. मित्राला ते ‘बंटाय’ म्हणून हाक मारतात. शब्दही माणसांप्रमाणेच गाव सोडून शहरात येतात आणि तेथे नवा व्यवसाय पत्करतात, असेच जणू यावरून दिसते.

महाराष्ट्राला ही रीत अगदीच अनोळखी नाही. कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर समोरासमोर बसून एकमेकांना सवाल टाकीत व जबाब देत. रॅप करणारी मुलेही गोल रिंगण करून उभी राहतात. एकाचे संपताच दुसरा उत्तर देतो. वाटेगावहून मुंबईस येऊन घाटकोपरच्या झोपडपट्टीत राहिलेल्या अण्णा भाऊ साठे यांनीही कष्टकऱ्यांचे जिणे त्यांच्याच भाषेत डफावर गायिले होते.

बोलीच्या या सामर्थ्याची कसोटी २०१९ मध्ये लागली. मेट्रोच्या कारशेडसाठी आरे येथील झाडे तोडण्याचे घाटत होते. त्या जंगलातील आदिवासी पाड्यांचे दुःख ‘स्वदेशी’ या रॅप करणाऱ्या मंडळीने ‘द वारली रिव्होल्ट’ या गाण्यातून मांडले. आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात होता. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री वृक्षतोड सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला ती थांबविली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. गाण्याने ती झाडे वाचली नाहीत, हे खरे. परंतु ज्यांचे म्हणणे एरवी त्यांच्या पाड्याबाहेर गेले नसते, ते या गाण्यामुळे दूरवर ऐकू गेले.

गल्लीतील प्रत्येक शब्द सर्वत्र शोभतो असे मात्र नाही. काही गाण्यांत शिव्याही असतात, आणि शिवी म्हणजे काव्य नव्हे. अर्ज लिहिताना, वडीलधाऱ्यांशी बोलताना आणि मित्राला हाक मारताना एकच भाषा चालत नाही. स्थळकाळ पाहून शब्द निवडणे हाच भाषेचा विवेक होय. मात्र जी बोली घरी व दारी ऐकू येते, तिची लाज वाटण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, तेव्हा संस्कृतपुढे मराठीलाही कमी लेखणारे होतेच. भाषा मोठी ठरते ती तिच्यातून सांगितलेल्या सत्यामुळे.

स्वाध्याय

१. मुंबईची मिश्र बोली कशी घडली?
२. कलगी-तुऱ्याचे सवाल-जबाब व रॅप यांत कोणते साम्य आहे?
३. ‘गाण्याने ती झाडे वाचली नाहीत’, तरी ते गाणे व्यर्थ गेले नाही, असे का म्हणता येईल?
४. तुमच्या गावच्या बोलीतील पाच शब्द लिहा व त्यांचे प्रमाण भाषेतील अर्थ द्या.