गर्भाशयमुखाचा कर्करोग : कारण, निदान व उपचार

स्त्रीच्या जननेंद्रियांना होणारे कर्करोग एकाच जातीचे नसतात. अंडाशय, गर्भाशय, गर्भाशयाचे मुख, योनिमार्ग व बाह्य जननेंद्रिय या पाच ठिकाणी ते उद्भवतात, आणि प्रत्येकाची चाल निराळी असते. अंडाशयाचा कर्करोग पोटात खोलवर वाढतो. पोट फुगणे, थोड्या खाण्याने पोट भरणे अशा साध्या तक्रारींच्या आड तो लपून राहतो, आणि सर्वच स्त्रियांमध्ये तो वेळीच हुडकून काढील अशी चाचणी अद्याप हाती आलेली नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बहुधा पाळी कायमची बंद झाल्यानंतर रक्तस्राव होऊन आपली सूचना देतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो होण्याआधीच ओळखता येतो. किंबहुना टाळताही येतो. असे असूनही भारतात दरवर्षी लाखाहून अधिक स्त्रियांना तो होतो. म्हणून त्याचाच येथे विशेष विचार करू.

या रोगाचे मूळ एका विषाणूत आहे. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या संशोधनातून 1983 साली या रोगाच्या पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूचा 16 वा प्रकार आढळला, आणि या कार्याबद्दल त्यांना 2008 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. तो इतका सर्वत्र आढळतो की बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हातरी त्याची लागण होते व बहुतेकांचे शरीर त्याला आपोआप हुसकून लावते. म्हणून या रोगाचा संबंध कोणाच्या चारित्र्याशी जोडणे हे अज्ञान होय. थोड्या स्त्रियांमध्ये विषाणू ठाण मांडून बसतो, पेशी हळूहळू बदलू लागतात, आणि या बदलाचा कर्करोग होण्यास सामान्यतः 15 ते 20 वर्षे लागतात. हा दीर्घ अवधी म्हणजेच वैद्यकाला मिळालेली संधी होय.

ही संधी प्रथम साधली ती ग्रीसमध्ये जन्मलेल्या व न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी. गर्भाशयमुखावरील पेशी अलगद काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची त्यांची पद्धत 'पॅप चाचणी' म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु तिला प्रयोगशाळा व तरबेज तपासनीस लागतात. खेड्यापाड्यांत हे कसे साधावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे मोठे काम आपल्याच परिसरात झाले. 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात 1999 साली एक पाहणी सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांचा तीत सहभाग होता. 30 ते 59 वर्षे वयाच्या 1,31,746 स्त्रियांचे गावांनुसार चार गट करण्यात आले. एका गटाची विषाणूचाचणी, दुसऱ्याची पॅप चाचणी, तिसऱ्याची व्हिनेगरमधील आम्ल लावून पाहणी झाली. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळत राहिली. आम्ल लावले असता बदललेल्या पेशींचा भाग मिनिटभरात पांढुरका दिसतो व तो नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ वर्षांत चौथ्या गटातील 64 स्त्रिया या रोगाने दगावल्या होत्या, तर विषाणूचाचणीच्या गटात, संख्येने तो किंचित मोठा असूनही, 34. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आम्लाची चाचणी एकदाच करून येथे तसा लाभ दिसला नाही. परंतु मुंबईच्या झोपडवस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी तीच चाचणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. साध्या साधनालाही सातत्याची जोड हवी, हा त्यातील धडा.

उपचार रोगाच्या पायरीवर अवलंबून असतो. पेशी नुसत्याच बदलल्या असतील, तर तेवढा भाग गोठवून, उष्णतेने जाळून वा कापून काढतात. बहुधा रुग्ण त्याच दिवशी घरी जाते. कर्करोग लहान असेल तर शस्त्रक्रिया करतात. तो आजूबाजूस पसरला असेल तर बाहेरून व गर्भाशयमुखाजवळ आतून असे दोन्ही प्रकारे किरणोपचार देतात आणि त्यांच्या जोडीला सिस्प्लाटिन हे औषध देतात. या अवस्थेतही पुष्कळ स्त्रिया बऱ्या होतात. विलंब जितका अधिक, तितका उपचार कठीण.

प्रतिबंधक लस 2006 सालापासून उपलब्ध आहे, आणि 2022 साली पुण्याच्या सीरम संस्थेची भारतीय लसही तयार झाली. तीत जिवंत विषाणू नसतो. त्याच्या कवचासारखी पोकळ रचना असते, आणि तिच्यामुळे शरीर प्रतिकार शिकते. ही लस 9 ते 14 या वयात घेतल्यास सर्वांत गुणकारी ठरते. मात्र लस घेतलेल्या स्त्रीनेही पुढे योग्य वयात चाचणी करून घ्यावी.

पाळीच्या मध्यंतरी, शरीरसंबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर होणारा रक्तस्राव, तसेच दुर्गंधीयुक्त स्राव, ही लक्षणे अंगावर काढू नयेत. आपल्या घरांतील आई, आजी, मावशी अशा गोष्टी संकोचाने मनातच ठेवतात, आणि सगळ्यांचे करून झाल्यावर स्वतःकडे पाहतात. विद्यार्थी मित्रांनो, हा लेख घरी मोठ्याने वाचून दाखवा. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीने, तक्रार असो वा नसो, तपासणी करून घ्यावी, एवढे जरी त्यातून घरच्यांच्या ध्यानी आले तरी आपल्या अभ्यासाचे सार्थक होईल.